कॅट नाही, तरी पीयूसी पास: परिवहन आयुक्तांना पुण्याच्या एका गॅरेजवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
माननीय परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य

प्रत: पुणे विभागातील परिवहन अधिकारी, पीयूसी केंद्रचालक आणि माझे गॅरेजवाले बांधव

विषय: जुन्या एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (‘कॅट’, म्हणजे धूर साफ करणारा भाग) सर्रास काढले जाणे, आणि ते पीयूसी तपासणीत कुठेही न दिसणे

महोदय,

पुण्यात २००० ते २०१० या काळात विकल्या गेलेल्या आणि अजून धावणाऱ्या पेट्रोल गाड्यांपैकी किती गाड्यांच्या पोटाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिल्लक आहे, हे आपल्या खात्याच्या कुठल्याच नोंदीतून कळणार नाही. कारण ती नोंद होतच नाही. सायलेन्सरच्या टोकात नळी घालायची, आकडा वाचायचा, नंबरप्लेटचा फोटो काढायचा आणि सर्टिफिकेट हातात द्यायचं, इथे पीयूसी संपते. गाडीतून निघणारा विषारी वायू ज्या भागामुळे कमी होतो तो भाग जागेवर आहे का, असं त्यात कोणी विचारत नाही.

मी पेठेतल्या एका बोळात गॅरेज चालवतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कार्ब्युरेटरच्या जमान्यात या धंद्यात आलो. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या तेव्हा बाकीचे ‘कॉम्प्युटरवाली गाडी नको’ म्हणायचे, म्हणून मी त्याच धरल्या. आज माझ्याकडे येणारी बहुतेक गाडी पंधरा-वीस वर्षांची, एमपीएफआय, मालकाने जिवापाड जपलेली. आणि आठवड्यातून एखादं तरी गिऱ्हाईक विचारतंच, ‘कॅट काढून टाकायचा का? सगळे काढतात.’ भिंतीवर मी पाटी लावली आहे: ‘येथे कॅट काढून मिळणार नाही. साफ करून मिळणार नाही. कारण हवे असल्यास रॅम्पवर दाखवले जाईल.’ पाटी वाचून काही जण हसतात, काही जण पुढच्या गॅरेजला जातात. पुढच्या गॅरेजला काम होतं.

या पत्राला निमित्त झाली अशीच एक गाडी. मालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. तक्रार एवढीच, की सिग्नलला काच खाली करून थांबलं की उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात आणि मागे बसलेल्या नातीला मळमळतं. पीयूसी ताजी होती, पास होती. गाडी रॅम्पवर घेतली. कन्व्हर्टरचं पत्र्याचं कवच जागच्या जागी, पण त्याच्या पोटावर वेल्डिंगची शिवण फिरलेली. हाताने ठोकलं तर रिकाम्या डब्याचा आवाज. आतली जाळी काढून सरळ पाईप जोडून कवच परत बंद केलेलं. बिल दाखवलं तर त्यावर लिहिलं होतं ‘सायलेन्सर काम व इंजिन ट्यूनिंग’. आपल्या गाडीतून काही काढून नेलंय याची त्यांना कल्पनाच नव्हती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. केला तर कलम १८२अ(४) प्रमाणे दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि ही शिक्षा आहे मालकाला. प्रदूषणाची मानकं मोडली म्हणून कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंतचा दंड वेगळाच. म्हणजे सापडले तर ते आजोबा सापडणार. ज्याने जाळी काढली त्याच्यावर काही झाल्याचं माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात मी ऐकलेलं नाही. आणि आजोबाही सापडणार नाहीत, कारण त्यांच्या खिशात तुमचंच सर्टिफिकेट आहे.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार पीयूसीच्या मोजमापाची. त्यासाठी हा भाग काय करतो ते थोडक्यात सांगावं लागेल. हे पत्र गिऱ्हाइकंही वाचणार आहेत.

कन्व्हर्टरच्या आत बारीक भोकांची सिरॅमिकची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम यांचा अगदी पातळ थर. गरम धूर त्या भोकांतून जातो तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटून साधा नायट्रोजन उरतो. तीन कामं एकाच वेळी. जाळी २५० ते ३०० अंशांच्या पुढे तापली आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण एका ठरावीक जागी राहिलं, तरच ती होतात. ती जागा म्हणजे एक किलो निव्वळ, इथेनॉल न मिसळलेल्या पेट्रोलला १४.७ किलो हवा. मॅनिफोल्डवरचा, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाईपावरचा, ओटू सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघून ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सारखं सांगत राहतो, जास्त झालं, कमी झालं. व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान वरखाली नाचत असतं आणि ईसीएम त्याप्रमाणे इंजेक्टरची वेळ सेकंदासेकंदाला बदलतो. हा सगळा व्याप कॅटसाठी आहे. इंजिनाला जास्तीत जास्त ताकद हवी असती तर साडेबारा-तेराचं प्रमाण बरं. पेट्रोल वाचवायचं असतं तर पंधराच्या पुढचं. १४.७ कॅटला लागतं, म्हणून कंपनीने पूर्ण गाडी तिथे बांधली.

आता पीयूसीकडे या. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ११५ प्रमाणे भारत स्टेज (सरकारने टप्प्याटप्प्याने कडक केलेली धुराची मानकं) दोन आणि तीनच्या पेट्रोल मोटारींना आयडलवर, म्हणजे रेस न देता, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) ७५० पीपीएम (दहा लाखांत ७५० भाग) एवढी मुभा आहे. भारत स्टेज दोनच्या आधीच्या मोटारींना तर सीओ ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. त्या काळात कारखान्यातूनच कॅट लावून आलेल्या गाड्याही होत्या. चांगला कॅट गरम असला की टोकाला सीओ बहुतेक वेळा ०.१ च्याही खाली दिसतो. म्हणजे कॅट असलेल्या गाडीला तुम्ही कॅट नसलेल्या गाडीच्या मापाने मोजता. इंजिन ठीकठाक असेल, प्लग नवे असतील, ओटू सेन्सर जिवंत असेल, तर कॅटशिवायही आयडलवर सीओ अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळतो. मधे कुठे सायलेन्सरला गळती असली तर बाहेरची हवा मिसळून आकडा आणखी पातळ होतो. पास.

शिवाय मोजायचं ते गाडी जागेवर उभी असताना, नुसत्या आयडलवर. भारत स्टेज चारच्या गाड्यांना नियमाने सीओ ०.३ आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. वर २५०० आरपीएमच्या आसपास रेस धरून सीओ ०.२ च्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं त्या ठरावीक जागी असलं की एक) एकच्या आगेमागे तीन शतांशात दिसावा लागतो. ही चाचणी नीट केली तर कॅट नसलेली गाडी बऱ्याचदा पकडली जाते. पण पुण्यात भारत स्टेज चार आलं एप्रिल २०१० मध्ये. त्याआधीच्या गाड्यांना ही चाचणी नाहीच. नायट्रोजन ऑक्साइड तर पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कुठल्याही वर्षीच्या गाडीचा मोजत नाहीत. आणि तो आयडलवर फारसा बनतही नाही. तो बनतो कात्रजचा घाट चढताना, इंजिनावर भार असताना. त्याच वायूचा न जळलेल्या पेट्रोलच्या वाफेशी संयोग होऊन उन्हात जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांच्या, यादीत पुण्याचं नाव आहे, म्हणून सांगितलं.

एक जुनी गोष्टही इथे लागू आहे. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्यासाठी शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर मिळू लागलं. शिसं जाळीवर बसलं की ती कायमची मरते. देशाने पेट्रोल बदललं, रिफायनऱ्या बदलल्या. एवढं करून बसवलेला भाग आज कुठलाही वेल्डर काढून टाकतो.

दुसरी तक्रार ‘ट्यूनिंग’ नावाच्या धंद्याची. इथे माझे व्यवसायबंधू रागावणार आहेत, रागवोत.

गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, कॅट काढला की ईसीएम रीट्यून करावा लागतो, त्याचे वेगळे पैसे. २०१० च्या आधीच्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत कॅटच्या पुढे म्हणजे इंजिनाच्या बाजूला एकच ओटू सेन्सर असतो. कॅटच्या मागे सेन्सर नाही. कॅटवर नजर ठेवणाऱ्या ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून दिवा लावायच्या यंत्रणेची) सक्ती आपल्याकडे भारत स्टेज चारबरोबर आली, तीही टप्प्याटप्प्याने. त्यामुळे जुन्या गाडीच्या ईसीएमला कॅट आहे की गेला याचा पत्ताच लागत नाही. दिवा लागत नाही, कोड येत नाही. तो आपला १४.७ धरून बसतो. मग ट्यूनिंग कसलं केलं? त्या काळातल्या बऱ्याच ईसीएममधला प्रोग्रॅम स्कॅनरच्या पोर्टातून बदलताच येत नाही. चिप काढून दुसरी बसवावी लागते, नाहीतर मधे पिगीबॅक बोर्ड (ईसीएमचे सिग्नल बदलणारी जोडपट्टी) घालावा लागतो. ते करायला डायनो (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) लागतो, वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण सांगणारा) लागतो. बोळातल्या गॅरेजात यातलं काय असतं?

प्रत्यक्षात होतं काय ते मी उघडून बघितलेलं आहे. ओटू सेन्सरची वायर कापलेली असते. किंवा कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या वाटेत रेझिस्टर टाकलेला असतो, म्हणजे ईसीएमला वाटावं की इंजिन अजून थंड आहे आणि त्याने पेट्रोल जास्त सोडावं. गाडी एकदम चपळ वाटते. मालक खूश. प्रमाण तेराच्या आसपास गेलं की धुरातला सीओ तीन-चार टक्क्यांवर जातो आणि मधे अडवायला आता कॅट नाही. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज पडतं, सिलिंडरच्या भिंतीवरून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येणारी गाडी माझ्याकडे आली की मी आधी वायरिंगच बघतो. पीयूसीच्या दिवशी तेच गॅरेज रेझिस्टर काढून देतं आणि नंतर परत लावतं, हेही चालतं.

कॅट काढल्यावर गाडी पळते, हे मात्र खोटं नाही, आणि ते नाकारून आपली बाजू भक्कम होणार नाही. जाळी वितळून जाम झाली असेल तर इंजिनाचा श्वास कोंडलेला असतो. ती काढली की पिकअप परत येतोच. पण जाळी आपोआप वितळत नाही. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असतो, न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन तिथे जळतं, आणि ती स्वतःच्या उष्णतेने बसते. दोष कॉइलचा, प्लग लीडचा किंवा गळणाऱ्या इंजेक्टरचा असतो. कित्येकदा तो आमचाच असतो. पुण्याच्या उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकणारे मेकॅनिक आजही आहेत. थर्मोस्टॅट नसला की इंजिन पुरतं गरम होत नाही, ईसीएम ते थंड समजून पेट्रोल जास्त देत राहतो, आणि वर्ष-दोन वर्षांत जाळी संपते. मग तोच मेकॅनिक सांगतो, ‘कॅट खराब झालाय, काढून टाकू.’ गॅस्केटच्या जागी थापलेलं सिलिकॉन ओटू सेन्सरला मारतं. ऑइल जाळणारं इंजिन जाळीवर राखेचा थर बसवतं. जाम जाळी काढून पाईप टाकला तर यातलं एकही दुखणं बरं होत नाही, फक्त दिसायचं थांबतं. आणि जाळी जाम नसून चांगली असेल, तर ती काढून मिळणारा पिकअप बोटावर मोजण्याइतका असतो. गाडी जास्त पळते असं वाटतं ते बरंचसं वाढलेल्या आवाजामुळे.

कोल्हापूरच्या ट्रॅकवर पळवायची गाडी कोणी ट्रेलरवर चढवून नेत असेल, कंपनीचा काढून वेगळा स्टँडअलोन ईसीएम बसवून डायनोवर ट्यून करत असेल, तर त्याच्याशी माझं भांडण नाही. तो काय करतोय ते त्याला कळतं. माझं भांडण नळस्टॉपच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीबद्दल आहे.

तिसरी तक्रार भंगाराची. कॅट काढायला गॅरेजवाले एवढे उतावीळ का असतात, याचं उत्तर जाळीवरच्या धातूंत आहे. २०२१ च्या सुमारास रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. पुढे तो उतरला, पण जुन्या कंपनी-कॅटला आजही रोख पैसे मिळतात. घेणारे फोनवर फोटो मागवतात, कवचावरचा नंबर विचारतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन नेतात. मालकाला सांगतात, ‘काढायचे पैसे नकोत.’ त्या गृहस्थांच्या बाबतीत काढायचेही घेतले आणि जाळीही ठेवली. बिलात नोंद नाही, भंगारवाल्याकडे वही नाही. आणि आतली जाळी फोडून काढायचं काम करतं कोण? गॅरेजातली पोरं. पहार घालून, तोंडाला रुमालही न बांधता. जाळीभोवती सिरॅमिक तंतूंची चटई असते. तिची धूळ फुफ्फुसात जाणं चांगलं नाही. माझ्याकडच्या पोरांना मी ते करू देत नाही, पण शहरातल्या सगळ्या पोरांचा मालक मी नाही.

चौथी तक्रार, प्रामाणिक मालकाने करायचं काय? बाकी सगळ्या कटकटी एकीकडे आणि ही एकीकडे. समजा कॅट खरोखर मेलाय आणि मालक नवा घालायला तयार आहे. जुन्या मॉडेलला कंपनीचा भाग बहुतेक वेळा मिळत नाही. क्वचित मिळाला तर किंमत ऐकून माणूस विचारतो की एवढ्यात गाडीच विकू का. मग उरतो बाजारातला ‘युनिव्हर्सल’ कॅट. दिसायला चकाचक. आतल्या जाळीवर किती धातू आहे, आहे की नाही, हे त्याच्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. मी असे काही बसवून बघितले, टेंपरेचर गनने मोजलं. चालू कॅटच्या बाहेर पडणाऱ्या टोकाचं तापमान आत शिरणाऱ्या टोकापेक्षा जास्त असावं लागतं, कारण आत जळणक्रिया होते. काहींत ते जास्त आलं, काहींत दोन्ही टोकं जवळपास सारखी. म्हणजे मालकाने पैसे मोजून नुसती सिरॅमिकची जाळी घेतली. युरोपात बदली कॅटलाही संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १०३ प्रमाणे मंजुरी लागते आणि मंजुरीचा नंबर कवचावर कोरलेला असतो. आपल्याकडे १९६६ पासून एआरएआय (वाहनांची चाचणी करणारी संशोधन संस्था) आहे, तीही वेताळ टेकडीवर, आमच्याच गावात. देशभरच्या गाड्यांचा धूर तिथे मोजला जातो, आणि गावातल्या गॅरेजवाल्याला कुठला बदली कॅट खरा हे सांगणारी एक यादी मिळत नाही.

पाचवी तक्रार लहान आहे. मोठा आवाज करणारे बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावर रोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. कारवाई योग्यच होती. पण कॅट काढलेली गाडी मागचा सायलेन्सर शाबूत असेल तर फारसा आवाज करत नाही, म्हणून तिच्याकडे बघायचंच नाही का? कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस तुमच्याच सरकारचा माणूस आहे.

आणि पर्यावरण कर. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीला नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी तो भरावा लागतो. माझी गिऱ्हाइकं भरतात. त्या वेळी गाडी तपासलीही जाते. दिवे, टायर, हॉर्न, चासी नंबर. वाकून कॅट बघितल्याचं माझ्या एकाही गिऱ्हाइकाने मला सांगितलेलं नाही. पर्यावरणाच्या नावाने पैसे घ्यायचे आणि पर्यावरणासाठी बसवलेला सगळ्यात महत्त्वाचा भाग बघायचा नाही, याला काय म्हणायचं ते आपणच ठरवा.

‘मग या जुन्या गाड्या भंगारातच काढा’ असं सोपं उत्तर कोणी देईल. नीट ठेवलेली, कॅट चालू असलेली पंधरा वर्षांची गाडी आणि कॅट काढून रेझिस्टर लावलेली आठ वर्षांची गाडी माझ्या रॅम्पवर शेजारी उभी करून धूर मोजा. वय विचारायची गरज पडणार नाही.

मागण्या अशा.

१. पीयूसी केंद्रांना परवाना राज्य देतं. तेव्हा केंद्रावर गाडीखाली आरसा किंवा मोबाइल धरून कन्व्हर्टरचा फोटो काढणं सक्तीचं करावं आणि नोंदीत ‘आहे’, ‘नाही’, ‘मूळ गाडीतच नव्हता’ असा रकाना घालावा. कुठल्या मॉडेलला कॅट होता याची यादी कंपन्यांकडून मागवून केंद्रांना द्यावी. नाहीतर ज्या गाडीला कधी कॅट नव्हताच तिचा मालक नाडला जाईल. कवच आहे पण जाळी नाही अशा गाड्या फोटोत दिसणार नाहीत, म्हणून पुढची मागणी.

२. नियम ११५ मधले आकडे केंद्र सरकारचे आहेत, ते आपण बदलू शकत नाही हे मी जाणतो. पण कारखान्यातून कॅट घेऊन आलेल्या प्रत्येक पेट्रोल मोटारीला, ती कुठल्याही भारत स्टेजची असो, २५०० आरपीएमची सीओ आणि लॅम्डा चाचणी लावावी अशी शिफारस राज्याने केंद्राला लेखी करावी. तोवर ही चाचणी, तिच्यावरून कोणाला नापास न करता, निदान माहितीसाठी घ्यावी आणि सर्टिफिकेटवर छापावी. आकडा दिसला की मालक आपणहून विचारायला लागतो.

३. एआरएआयशी बोलून जुन्या मॉडेलांसाठी चाचणी झालेल्या बदली कन्व्हर्टरची यादी मराठीत प्रसिद्ध करावी. ही यादी येण्याआधी मालकांवर कारवाईचा धडाका लावू नये.

४. कॅट काढून देणाऱ्यावर कारवाई व्हावी. ‘कॅट काढून मिळेल’, ‘पिकअप वाढवून मिळेल’ अशा उघड जाहिराती बंद कराव्यात. एक्झॉस्टचं कुठलंही काम केलं तर बिलात काय काढलं, काय घातलं हे स्पष्ट लिहावं, आणि काढलेला भाग मालकाच्या हातात द्यावा.

५. जुने कन्व्हर्टर विकत घेणाऱ्यांना वही ठेवायला लावावी: कोणाकडून घेतला, कुठल्या गाडीचा, बदली भागाचं बिल आहे का.

६. जे मालक आपणहून पुढे येऊन कॅट परत बसवतील त्यांना ठरावीक मुदतीपर्यंत दंड नसावा. यांतले कित्येक जण त्या निवृत्त गृहस्थांसारखे आहेत, त्यांना काय झालंय हेच ठाऊक नाही.

गॅरेजवाल्या बांधवांना एवढंच सांगणं आहे. कॅटवर हात टाकायच्या आधी व्हॅक्यूम गेज लावा, २५०० वर रेस धरा आणि काटा हळूहळू पडतो का बघा. ओटू सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावा. २५०० ला तीन पीएसआयच्या पुढे गेलं तर जाळी जाम, नाहीतर दुखणं दुसरीकडे आहे. मग प्लग, लीड, कॉइल, इंजेक्टर, थर्मोस्टॅट, याच क्रमाने. यात मजुरी कॅट काढण्यापेक्षा जास्त मिळते आणि गिऱ्हाईक परत येतं.

त्या गृहस्थांच्या गाडीचं काय झालं ते विचाराल, म्हणून सांगतो. वायरिंग पूर्ववत केलं, कॉइल बदलली, गायब असलेला थर्मोस्टॅट घातला. वास कमी झाला, गेला नाही. कॅट अजून मिळालेला नाही, शोधतो आहे.

आपल्या निरीक्षकांना वेळ असेल तर माझा रॅम्प मोकळा करून देतो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या उभ्या करतो, एक कॅटसह, एक कॅटशिवाय. फोर-गॅस ॲनालायझर आपला असू द्या, म्हणजे माझ्या यंत्रावर शंका नको. आधी आयडलवर मोजा, मग २५०० वर. सोबत आताच्या पीयूसीचे नियमही ठेवा आणि दोन्हींपैकी कोण नापास होतं ते स्वतः बघा. येण्याआधी तासभर फोन करावा, म्हणजे दोन्ही इंजिनं गरम करून ठेवतो. थंड कॅटवर घेतलेल्या आकड्याला अर्थ नसतो.

कळावे.

आपला विश्वासू,
पुण्याच्या पेठेतला एक गॅरेजवाला